एका बोटाची बाई

ताईने आदल्या संध्याकाळी हात घासघासून धुतले, तिथेच सगळं फिसकटलं. परवान्याच्या कचेरीत जायचं म्हणजे नीटनेटकं जावं, लाकडाची भुकटी आणि रोगणाचे डाग मिरवत साहेबलोकांपुढे कसं उभं राहायचं, असं तिच्या मनाने घेतलं. आईने लहानपणापासून लावलेली सवय, दुसरं काय! मग लिंबू झालं, खरबरीत दगड झाला, उरलंसुरलं काथ्याने झालं. हात लख्ख निघाले. इतके लख्ख की सकाळी कचेरीतल्या मशीनने त्या हाताला बोटं आहेत हेच मान्य केलं नाही.

"ठसा उमटत नाही," खिडकीपलीकडच्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "पुन्हा ठेवा."

ताईने पुन्हा अंगठा ठेवला. काचेखाली लाल दिवा लागला. शेजारचं बोट ठेवलं, तरी लाल. मग डावा हात झाला. बाईंनी काच पुसली, ताईने बोटं पदराला पुसली, दिवा काही रंग बदलेना.

"महिनाभर हाताला आराम द्या आणि मग या," बाई म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली.

आराम! ताई लाकडी सामानाच्या कारखान्यात कामाला होती. रोगण चढण्याआधी टेबलं आणि कपाटाची दारं पॉलिश पेपरने घासायची, मग उघड्या बोटांनी चाचपून बघायची. हातमोजे घालून ते काम होत नाही, मोज्यातून लाकडाचं कुसळ हाताला लागत नाही. परमुलखात आल्यापासून तिने लोकांची टेबलं गुळगुळीत केली आणि टेबलांनी तिची बोटं. हिशेब चोख झाला होता, फक्त सरकारला तो पटत नव्हता.

एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. पण गावी भावाकडे तिची ठमी होती. नवरा गेला, तेव्हा पोरगी मांडीवर बसायच्या वयाची. तिला मामा-मामीच्या पदरात टाकून ताई इथे आली होती. आता कुठे पोरीचा व्हिसा मंजूर झाला होता, तोही या महिनाअखेरपर्यंतच चालणारा, आणि आईचा इथे राहायचा परवाना जिवंत असेल तरच. परवान्याची मुदत टळून गेलेली. मुदत टळली म्हणून बँकेने खातं गोठवलेलं. बँकेत विचारायला गेली तर तिथल्या मुलीने गोड हसून फोन पुढे केला, "ओळख पटवायला इथे अंगठा ठेवा." ताईच्या तोंडात जी शिवी आली ती तिने आपल्या भाषेतच दिली.

"आई, मी आता मोठी झालेय हं," ठमी फोनवर बजावत होती. "विमानतळावर सगळ्यांसमोर माझा हात धरायचा नाही. मी कुणाचं बोटबिट धरत नाही आता."

"नको धरूस बाई," ताई म्हणाली. "तू ये फक्त."

कारखान्यात रोगण मारणारे काका होते, गावाकडचेच. ताईने त्यांच्यापुढे बोटं धरली तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"दरवर्षी मी सुट्टीवर जातो, ते कशाला वाटतं तुला?"

"कंबरेला ना? मालिश करून घ्यायला?"

"कसली कंबर घेऊन बसलीस! बोटं उगवायला जातो मी. महिनाभर नुसता ओट्यावर बसतो, हातात कप सोडून काही धरत नाही. बायको ओरडते, आयतोबा म्हणते. पण रेघा परत येतात."

ताई हसता हसता रडकुंडीला आली. इतकी वर्षं शेजारी काम केलं आणि या माणसाने एका शब्दाने सांगितलं नाही! चोरी केल्यासारखं लपवलं. म्हातारा इथे झिजायचा, गावी जाऊन उगवायचा आणि परत झिजायला यायचा. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त, त्याला लाजायला लावणाऱ्यांचा.

मालकाकडे रजा मागितली तर तो म्हणाला, "मोठी ऑर्डर तोंडावर आहे. जायचं तर जा, परत येऊ नकोस." नोकरी गेली की परवाना गेलाच. काम केलं तर ठसा नाही, काम सोडलं तर परवाना नाही. ताईने त्या रात्री जेवण तसंच झाकून ठेवलं. सकाळी उठली ती मात्र कंबर कसूनच.

या वेळी तिने हात धुतले नाहीत. डागांसकट, भुकटीसकट ती खिडकीपाशी उभी राहिली.

"महिना झाला नाही अजून," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

"नाही झाला आणि होणारही नाही. सगळी बोटं बघा माझी. त्या दिवशी दोन्ही हातांची मिळून चारच बघितलीत."

"नियमात चारच आहेत."

"मग बाकीची काय शोभेला आहेत? बघा म्हणते ना!"

मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली. बाईंनी सुस्कारा सोडून मशीन पुढे सरकवलं. लाल, लाल, लाल. शेवटी उरली डाव्या हाताची करंगळी. लाकूड दाबून धरताना ती नेहमी बाजूला, हवेत असायची. शाळेत ती वर केली की बाहेर सोडायचे, हे ताईला नेमकं तेव्हाच आठवलं. तिने ती काचेवर टेकवली.

हिरवा!

"लागला!" ताई ओरडली.

"लागला, पण चालणार नाही," बाई म्हणाल्या. "एकाच बोटावर अर्ज पुढे सरकतो तो बाकीची बोटं नसतील तर. मला तशी खूण करावी लागेल. तुम्हाला तर धडधडीत आहेत. मी खोटं लिहू?"

"ज्याला हातच नाहीत त्याला तुम्ही महिनाभराने उगवून या म्हणता का?"

"त्यांची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तुमचं मशीन दोनदा सांगतंय, या बाईला बोटं नाहीत म्हणून. मी आहेत म्हटलं तर माझं ऐकत नाही. मग आता मशीनचं तरी ऐका! की ते लाल झालं तर खरं आणि हिरवं झालं तर खोटं?" ताईचा आवाज चढला. तिने दोन्ही हात खिडकीच्या फळीवर पालथे टाकले. "माझी पोरगी तिकडे बॅग भरून बसलीय. मी इथून हलत नाही. काय करायचं ते करा."

बाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एकेक खूण करायला घेतली. नाही, नाही, नाही, करत करंगळीपाशी थांबल्या.

"नोंदीत तुम्हाला एकच बोट राहील. कायमचं."

"राहू दे. कामाला दहा आहेत," ताई म्हणाली.

परवाना आला तशी ती तडक बँकेत गेली. पडद्यावरची नोंद वाचून तिथल्या मुलीचा चेहरा कनवाळू झाला. तिने पळत जाऊन खुर्ची आणली आणि हळूच विचारलं, "सहीसाठी मदतनीस देऊ का?" ताईने तिच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि कागद फाटेल इतक्या जोराने सही ठोकली. कारखान्यात काकांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. मग हातातला ब्रश खाली ठेवून स्वतःची करंगळी उजेडात धरून बघत बसले.

ठमी आली ती हवाई सुंदरीच्या पुढे चार पावलं, छाती काढून. उंच झाली होती, दात पडले होते. आईने मिठी मारली तेव्हा "पुरे, पुरे," म्हणाली. बॅगही स्वतःच ओढायला घेतली. ताईने कबूल केल्याप्रमाणे हात मागे बांधून घेतले.

बाहेर मोठा रस्ता होता. गाड्या उलट्या बाजूने अंगावर येत होत्या. ठमी कडेला थांबली. समोर बघतच तिने आईच्या पाठीमागे चाचपलं, आणि तान्ही असल्यापासून धरायची तीच डावी करंगळी मुठीत घट्ट धरली.