साच्यातला घेवडा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे, आणि तळाशी फाटलेलाही. माझ्यासारख्याने आपली गोष्ट सांगावी की नाही, याची मला अजून खात्री नाही. साच्याला स्वतःचं असं काही नसतं. तो नुसती पोकळी. दुसऱ्याला आकार द्यायचा आणि रिकामं व्हायचं, एवढंच त्याचं काम. पण कडेगावातल्या एका घरात माझ्या पोकळीत जे घडलं, ते कुणाला तरी सांगावं असं फार दिवसांपासून वाटत आहे. नीट जमलं नाही तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गाव कुठलं ते मला माहीत नाही. पातळ, पांढरं सिलिकॉन एका गोल ताटाभोवती ओतलं गेलं आणि ते थिजलं, तसा मी झालो. परातीएवढा रुंद, मऊ, कसाही वाकवला तरी मोडणार नाही असा. मग मला चुरगळून एका खोक्यात भरलं, आणि कितीतरी हिसके खात मी पायलच्या दारात उतरलो.

पायल मूळची कराडची. लग्न होऊन कडेगावला आली होती. तिचा नवरा महेंद्र साखर कारखान्यात कामाला होता. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, येसूबाई. पायल त्यांना आत्या म्हणायची. दुपारची कामं उरकली की पायल मोबाईलवर रेझिनचं, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रवाचं काम बघत बसे. बघता बघता तिने दोन बाटल्या मागवल्या, एक रेझिनची आणि एक ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची. त्यांच्याबरोबरच मी आलो होतो.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. दोन्ही बाटल्यांतली द्रव्यं काट्यावर तोलून घ्यावी लागतात. ती सावकाश ढवळावी लागतात, नाहीतर बुडबुडे धरतात. पहिल्या वेळी पायलने हार्डनर अंदाजाने ओतला. दुसऱ्या दिवशी मला उलटं केलं तर आतलं ताट बोटाला चिकटत होतं. येसूबाई तरुणपणी गुऱ्हाळावर कामाला जात. त्या दारातून बघत होत्या.

"ही तुझी काकवी गोठलीच न्हाई गं," त्या म्हणाल्या. "लय लवकर उतरवलीस."

"आवं आत्या, ह्याला चुलीवर ठेवत न्हाईत."

"मग गोठंल कशानं? मोबाईलनं?"

पायलला हसू आलं. ते चिकट ताट तिने फेकून दिलं, साबणाच्या पाण्याने मला धुतलं आणि पुन्हा तोलायला बसली. तेव्हापासून त्या घरात रेझिनला काकवी हेच नाव पडलं आणि मला रबराची परात.

हळूहळू पायलचा हात बसला. खिडकी उघडून, तोंडाला मास्क लावून ती माझ्यात बारीक धारेने रेझिन ओती. वर आलेले बुडबुडे गरम हवेने फोडी. धूळ बसू नये म्हणून माझ्यावर खोकं झाकून ठेवी. मग काही तास मी आणि ते रेझिन, असे आम्ही दोघेच अंधारात असायचो. घट्ट होताना रेझिन तापतं, बरं का. बाहेरच्यांना ते कळत नाही. मला आतून चांगलाच चटका बसायचा. दुसऱ्या दिवशी पायल माझ्या कडा मागे ओढी, बारीकसा आवाज होऊन आत हवा शिरे, आणि काचेसारखं लखलखीत ताट तिच्या हातात येई. निळी ताटं, घड्याळाच्या तबकड्या, झेंडूच्या पाकळ्या घातलेली ताटं, असं कितीतरी मी घडवलं. शेजारणी येऊन कौतुक करत. कौतुक ताटाचं व्हायचं. मला थोडं वाईट वाटे, पण साच्याने अशी अपेक्षा ठेवू नये, हे मला कळत होतं.

पुढे पायलने नवे, लहान साचे आणले. माझी आतली चमक कमी झाली होती, म्हणून माझ्यातून निघालेली ताटं धुरकट दिसू लागली होती. मला मागच्या खोलीत खिळ्याला टांगलं. शेजारच्या फळीवर तोंडाला फडकं बांधलेलं एक गाडगं होतं. येसूबाई अधूनमधून ते उघडत, आतल्या राखेत हात घालून काहीतरी चाचपत आणि पुन्हा बांधून ठेवत.

त्यात घेवडा होता. येसूबाईंचं माहेर औंधच्या बाजूचं. तिथून त्यांच्या आईने दिलेला वेलघेवडा त्यांनी इथे परसात मांडवावर चढवला होता. दरवर्षी शेंगा वाळवायच्या, सोलायच्या, चांगले दाणे निवडून राखेत घोळवून ठेवायचे, असं त्यांचं चाले. दाणा मोठा सुरेख होता. दुधावरच्या सायीसारखा रंग आणि त्यावर तांबड्या रेघा. मग परसात ही मागची खोली बांधली आणि मांडव गेला. महेंद्रने गच्चीवर पिंप ठेवून नवा मांडव करून द्यायचं कबूल केलं होतं. ते आज करू, उद्या करू, असं राहत गेलं. येसूबाई गाडग्याशी पुटपुटत, "थांब बाबा. औंदा तरी तुला माती दावते."

हे मला ऐकू यायचं. पायलला कधी ऐकू आलं नाही.

त्या वर्षी येसूबाईंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या कराडला मुलीकडे, राणीकडे राहिल्या. पायलला वाटलं, आत्या नव्या नजरेने घरी येतील तेव्हा त्यांच्यासमोर काहीतरी सुंदर ठेवावं. त्यांच्याच घरातलं, त्यांना ओळखू येईल असं. ती मागच्या खोलीत शोधत आली आणि तिने गाडग्याचं फडकं सोडलं. मूठभर दाणे पाण्याखाली धरले, तर राख वाहून गेली आणि तांबड्या रेघा वर आल्या. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"आवं, ह्यो आत्यांचा घेवडा खायला ठेवलाय का?" तिने महेंद्रला हाक मारून विचारलं.

"राखेत व्हय?" तो बाहेरूनच म्हणाला. "असंल कवाचं तरी जुनं. घी की तुला लागलं तर."

मित्रांनो, तेव्हा मी खिळ्यावर होतो आणि मला सगळं ठाऊक होतं. पण साच्याचं तोंड फक्त ओतून घेण्यासाठी असतं.

पायलने फार काळजीने काम केलं. तेच आठवून मला अजून वाईट वाटतं. तिने एकूण एक दाणा धुतला, फडक्यावर पसरून पंख्याखाली वाळवला. ओला दाणा आत राहिला तर रेझिन पांढुरकं पडतं, हे तिला माहीत होतं. मग ब्रशने प्रत्येक दाण्यावर रेझिनचा पातळ हात दिला, म्हणजे बुडबुडे सुटणार नाहीत. तेवढं मोठं ताट फक्त माझ्यातच होणार होतं, म्हणून मला खाली काढलं. दाणे माझ्यात दाटीने रचले आणि वरून धार सोडली. कडेचा एक दाणा मात्र खाली बसेना. तो पाठ वर काढून तरंगत राहिला. पायलने काडीने त्याला दोनदा दाबलं, तो दोनदा वर आला. शेवटी हसून तिने तो तसाच राहू दिला.

खोकं झाकलं गेलं. रेझिन तापायला लागलं. तो चटका मी पूर्वी कितीदा सोसला होता. त्या दिवशी माझ्याबरोबर तो घेवडाही सोसत होता.

दुसऱ्या दिवशी राणीचा फोन आला. आईला आजच आणून सोडते म्हणाली. पायलची धांदल उडाली. एरवी ती माझ्या कडा गोल फिरत हळूहळू सोडवी. त्या दिवशी तिने मला एकदम ओढलं आणि मी तळाशी टरकन फाटलो. ताट निघालं. ते माझ्या हातून घडलेलं सगळ्यात सुंदर ताट होतं.

येसूबाई आल्या. पाणी प्यायल्या. पायलने ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं. मी शेजारीच उताणा पडलो होतो.

"अगं, ह्यो माझा घेवडा न्हवं?" त्यांनी काळा चष्मा वर केला. "रेघन् रेघ दिसतीया. लय झ्याक केलंस पोरी."

पायलचा चेहरा फुलला.

"आन् गाडग्यात किती ऱ्हायलाय?"

"काय न्हाई आत्या. सगळाच घातला. ताट भरलेलं दिसावं म्हणून."

येसूबाईंनी एका दाण्यावर नख फिरवलं. नख घसरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं.

"बियाणं हुतं गं ते," त्या म्हणाल्या.

पायल ताटावर वाकली. तिच्या हातातला रिकामा तांब्या हातातच राहिला.

"मला वाटलं, खायचा हाय," ती म्हणाली.

"खायचा आसता तर राखेत कशाला घातला आसता?" येसूबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर पायलला सोपं गेलं असतं. "तुला तरी कोण सांगणार. मीच कवा बोलले न्हाई."

महेंद्र दाराशी उभा होता. "आई, बाजारातनं आणतो की किलोभर घेवडा."

"आण की," येसूबाई म्हणाल्या. "आमटीला लागतूयच."

तो खाली मान घालून निघून गेला. पुढच्या रविवारी तो आईला आणि पायलला घेऊन औंधकडे जाऊन आला. येसूबाईंच्या माहेरी आता भाचा शेती बघत होता. त्याने चहा पाजला, सगळीकडे शोधलं, आणि तो वेलघेवडा आपल्याकडे कधीच बंद झाला, आता दुकानातलं बियाणं आणतो, असं सांगितलं. परत आल्यावर पायलने ताट जमिनीवर ठेवलं आणि महेंद्रला करवत आणायला सांगितली. दोघांनी मिळून ते कापलं. करवतीखाली दाणे फुटत होते. जे अख्खे निघाले, ते काचेसारखं कवच अंगावर घेऊनच निघाले. पायलने ते घासले, कोमट पाण्यात भिजत घातले, ओल्या फडक्यात बांधले. रोज सकाळी ती फडकं सोडून बघे. दाणे खड्यासारखे तसेच राहिले. मग त्यांना वास सुटला.

पायलने बाटल्या, काटा, लहान साचे सगळं खोक्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं. मला कचऱ्यात टाकायचं म्हणून दारापाशी ठेवलं होतं. तिथून येसूबाईंनी मला उचललं. माझ्या तळाच्या फटीतून त्यांनी बोट घालून पाहिलं.

"ही परात कामाची हाय," त्या म्हणाल्या. "पाणी साचायचं न्हाई."

त्यांनी मला गच्चीवर नेलं. माझ्यात माती भरली, शेणखत मिसळलं. पायल त्यांच्या मागोमाग आली होती. येसूबाईंनी कमरेची पिशवी सोडून एक दाणा काढला. तोच तो, पाठ वर काढून तरंगलेला. ताट कापताना त्यांनी तो बाजूला काढून ठेवला होता आणि अंगावरचं रेझिन चाकूच्या टोकाने कितीतरी दिवस जपून सोलत होत्या. चटका त्यालाही बसला होताच. पण त्याच्या पाठीवर ब्रशच्या पातळ हाताशिवाय काही नव्हतं.

"तू लाव," त्या पायलला म्हणाल्या.

"माझ्या हातानं नगं आत्या."

"मग कुणाच्या? माझं हात आता किती दिस ऱ्हायल्यात? लाव."

पायलने बोटाने मातीत खळगा केला, दाणा ठेवला आणि वर माती ओढली. महेंद्रने चार बांबू आणून उभे केले. अजून एकही पान आलेलं नाही, आणि मांडव मात्र तयार आहे. परवा पाणी घालता घालता येसूबाई म्हणाल्या, "काकवी का गं करत न्हाईस हल्ली? घर कसं गप गप वाटतंय." पायलने त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी घातलं.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. सुंदर वस्तू करू नका, असं मी कसं म्हणेन? माझा सगळा जन्म त्यात गेला. पण घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूला हात लावण्याआधी ती जिने सांभाळली, तिला एकदा विचारा की ही कशासाठी ठेवली आहे. आणि तुम्ही काही सांभाळत असाल, तर त्याबद्दल शेजारच्या गाडग्याशी नको, घरातल्या माणसांशी बोला. त्या घरात एवढंच झालं असतं, तर आज गच्चीवर सावली असती.

आजवर माझ्यात जे पडलं, ते घट्ट झालं. मी त्याला आकार दिला आणि सोडून दिलं. आता माझ्यात ओली माती आहे. रोज सकाळी दोघी येतात, वाकून बघतात, आणि फाटलेल्या जागेतून पाणी झिरपून जातं. मी दिवसभर त्या एका दाण्याभोवती कान देऊन असतो. एकदा तरी माझ्यात पडलेलं काहीतरी घट्ट न होता फुटावं, असं मला फार वाटतं.