चार नंबरची पत्ती

गोरेगावच्या नूर ब्रास बँडमध्ये माणसाची पत त्याच्या पत्तीच्या नंबरावरून ठरायची. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे; पण ठरलं होतं खरं. क्लॅरोनेटची पत्ती म्हणजे वेताची चपटी काडी, टोकाला कागदासारखी पातळ केलेली. ती तोंडात भिजवायची, माउथपीसवर कसायची आणि फुंकायची. ती थरथरली की सूर निघतो. मऊ पत्तीच्या पाठीवर दीड-दोन असा नंबर छापलेला असतो, कडक पत्तीवर तीन-चार. गोष्ट एवढीच. पण बँडवाल्यांनी तिची पार कुस्ती करून टाकली होती. दोन नंबरवाला म्हणजे लेकरू, तीनवाला म्हणजे कामाचा गडी, आणि चार नंबरवाला अख्ख्या सेनगाव तालुक्यात एकच, तो म्हणजे हाशिम मास्तर.

आणि हाशिम मास्तर गेली कित्येक वर्षं दीड नंबरवर वाजवत होते.

सुरुवातीला यात खोटं काहीच नव्हतं. जवानीत मास्तर खरोखरच चार नंबरवर वाजवायचे. पुढे वरचा दात हलायला लागला, ओठांची पकड सुटायला लागली, तेव्हा त्यांनी हैदराबादहून नवा माउथपीस आणला. त्याचं तोंड चांगलंच उघडं होतं, म्हणजे पत्तीच्या टोकाखाली फट मोठी होती. अशा उघड्या तोंडावर कडक पत्ती मिटता मिटत नाही. छाती फुटेस्तोवर फुंका, नुसती हवा जाते. तिथं मऊच पत्ती लागते. मिटल्या तोंडाला कडक आणि उघड्या तोंडाला मऊ, अशी जोडी जमवायची असते, आणि त्यात लाजण्यासारखं तसूभरही काही नाही. मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं. तरीही पहिल्याच दिवशी त्यांनी ब्लेड घेऊन पत्तीच्या पाठीवरचा दीडचा आकडा खरवडून टाकला होता.

त्या हंगामात मास्तरांचा सूर असा काही गोड लागला, की वरातीतली माणसं नाचायचं सोडून ऐकत उभी राहायची. ‘चार नंबरवर इतकं मऊ वाजवणं म्हणजे खायचं काम न्हाई,’ असं लोक म्हणू लागले. मास्तर नुसते हसायचे. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि स्तुती ऐकताना ते कुणाचं उघडतं?

मास्तरांची शागीर्द दिपा ही भिवाजीची लेक. भिवाजी बँडात ढोल वाजवायचा. पोरगी लहानपणी बापामागं बँडच्या खोलीत यायची, ती क्लॅरोनेटपाशीच बसून राहायची. शेवटी मास्तरांनीच एक जुनं वाजवायला दिलं. पुढं तिनं असा रियाज केला, की मास्तर एकटे असताना तिचं वाजवणं आठवून स्वतःशीच मान हलवायचे. यंदा पोलीस बँडची भरती निघाली. धावणं झालं, लेखी झालं, दिपा दोन्हींत पास झाली. उरली होती फक्त वाजवून दाखवायची परीक्षा. वयाच्या अटीत ती याच भरतीपुरती जेमतेम बसत होती. पुढच्या भरतीला तिला दारातही उभं करणार नव्हते. आणि परीक्षा तोंडावर आली असताना तिच्या हातून माउथपीस फरशीवर पडला आणि त्याच्या टोकाचा टवका उडाला.

लग्नसराई संपली होती. मास्तरांनी बँडच्या खोलीत सगळ्यांदेखत आपल्या क्लॅरोनेटचा माउथपीस काढला आणि तिच्या हातात ठेवला. भिवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनाही भरून आलं होतं. देताना त्यांचा हात अजिबात आखडला नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

“चाचा, याला पत्ती किती नंबरची लावू?” दिपानं विचारलं.

तिच्या जागी कुणीही हेच विचारलं असतं. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. ट्रंपेटवाला बघत होता, झांजवाला बघत होता.

“आता हे बी इचारून राहिली का?” भिवाजी हसला. “मास्तरांची पत्ती कोणती, हे गोरेगावातलं शेंबडं पोरगं बी सांगंल.”

“चारच,” मास्तर म्हणाले.

“मंग एखादी तुमचीच द्या ना, सवय व्हईस्तोवर.”

“उष्टी पत्ती देत न्हाईत, बेटा. ज्याची त्याला.”

रीत खरीच होती. त्या दिवशी ती मास्तरांच्या फार सोयीची पडली, एवढंच.

उद्या पोरीला एकटीला गाठून सांगू, असं मास्तरांनी तिथंच ठरवलं होतं. चार नंबरचा डबा तिनं नांदेडहून मागवला, तो आलाही, आणि मास्तरांचा उद्या काही उगवेना. एकदा ते तिच्या घरापर्यंत गेले. दिपा ओसरीवर वाजवत बसली होती; कपाळाच्या शिरा तट्ट फुगलेल्या, खालचा ओठ आतून सोलवटलेला. त्यांना बघून ती उठली.

“चाचा, लई दम लागून राहिला. खालच्या सुरांत निस्ती हवा येती. तुमी कसं वाजवता हो इतकं?”

भिवाजी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. “सांगा तिला, मास्तर. आजकालच्या लेकरांना तकलीफ नको वाटती.”

“लागतोच दम,” मास्तर म्हणाले. “व्हईल सवय.”

पाणी न पिताच ते परत फिरले. रस्त्यात त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की समोरून आलेल्या ओळखीच्या माणसाला सलाम करायचंही त्यांना सुचलं नाही.

घरी मदीनाबीला सगळं ठाऊक होतं. नवरा उंबऱ्यात बसून पत्त्या खरवडतो, हे तिनं वर्षानुवर्षं बघितलं होतं आणि ते वेताचं पीठ झाडूनही काढलं होतं. नवऱ्याला जेवायला वाढताना तिनं विचारलं, “बच्ची कू बोले क्या नै?”

“बोलूंगा.”

“कब? नौकरी जाने के बाद?”

मास्तरांनी ताट सरकवलं आणि हात धुतले. मदीनाबीनं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

परीक्षेच्या दिवशी भिवाजीनं हट्ट धरला, की मास्तरांनी सोबत यायलाच हवं. मास्तरांनाही नाही म्हणवेना. निघताना त्यांनी एक काम मात्र केलं. आपली सगळ्यात चांगली लागलेली, दीड नंबरची पत्ती त्यांनी चष्म्याच्या घरात घातली आणि ते घर सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं. हिंगोलीत परीक्षेच्या जागी, फाटकापाशी देऊ, वाटलं तर बहाणा करू, म्हणू की हवा दमट आहे, आज हीच लाव. नंबर सांगायचीही गरज नाही. बसमध्ये ते हे मनात घोकत राहिले आणि त्यांना जरा हलकं वाटायला लागलं.

फाटकाबाहेर पोरं-पोरी आणि त्यांचे आईबाप उभे होते. भिवाजीला तर श्रोतेच पाहिजे होते. “हे आमचे मास्तर,” तो एकेकाला धरून सांगू लागला. “चार नंबरवर वाजवतेत. आन् माझी लेक बी आता चारच नंबरवर!” एक म्हातारा सनईवाला आपल्या नातवाला घेऊन आला होता. त्यानं मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले.

तेवढ्यात आतून दिपाचं नाव पुकारलं. ती मास्तरांच्या पाया पडली. मास्तरांचा उजवा हात खिशाकडे गेला, चष्म्याच्या घराला लागला. सनईवाला बघत होता, भिवाजी बघत होता. भर चारचौघांत पत्ती बदलायची म्हणजे विचारणं आलं, पाहणं आलं, आणि पत्ती उलटली की तो खरवडलेला डाग आलाच. मास्तरांनी खिशातला हात काढला आणि दिपाच्या डोक्यावर ठेवला.

“जा बेटा. दमानं वाजव.”

परीक्षेची खोली कंपाउंडच्या भिंतीला लागूनच होती. पहिले दोन सूर बरे गेले. मग खालचे सूर फुसफुसायला लागले, वर जाताना सूर चिरकला, पुन्हा धरला, पुन्हा चिरकला. शेवटी तर तिचा श्वास ओढल्याचा आवाजच जास्त येत होता. भिवाजीला त्यातलं कळत नव्हतं; तो मान डोलावत होता. सनईवाल्यानं मात्र मास्तरांकडे न बघता नातवाचा हात धरला आणि तो जरा पलीकडे जाऊन उभा राहिला.

दिपा बाहेर आली ती मान खाली घालूनच. यादी लागायची वाट बघावीच लागली नाही. सायबांनी तोंडावरच सांगितलं होतं, की बोटं चांगली आहेत, पण सूर निघत नाही. ती बापापाशी थांबली नाही. सरळ मास्तरांपुढे आली.

“चाचा, माफ करा. तुमचं नाव बुडवलं मी.”

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगावी. ती काही दुभंगली नाही.

परतीला कनेरगाव नाक्यावर बस सोडून गोरेगावची जीप धरायची होती. जीप भरेपर्यंत तिघं धाब्यावर बसले. भिवाजी नशिबाला बोल लावत होता. दिपानं चहाला हात लावला नव्हता. मग एकाएकी तिनं पेटी उघडली, क्लॅरोनेट जोडलं आणि मास्तरांपुढे धरलं.

“एकडाव तुमी वाजवून दावा, चाचा. याच पत्तीवर. माझ्यात काय कमी पडलं, ते तरी कळू द्या.”

“आत्ता? इथं?”

“मला निस्तं ऐकायचंय.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं, आणि तेच मास्तरांना सोसेना. भट्टीवरच्या माणसानंही मास्तरांना ओळखलं होतं. तो हात पुसत पुढे आला. मास्तरांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि फुंकलं. हवा गेली. गाल फुगवून पुन्हा फुंकलं, तर असा चिरका आवाज निघाला, की भट्टीवाला दचकला.

“सकाळपून पोटात अन्न न्हाई मास्तरांच्या,” भिवाजी घाईघाईनं म्हणाला. “वय झालं आता. ऱ्हाऊ द्या, मास्तर.”

बहाणा असा आयता ताटात वाढून आला होता. मास्तरांनी दिपाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्यांच्याबद्दल काळजी होती. स्वतःची नोकरी गेलेली पोरगी त्यांच्या म्हातारपणाची कीव करत होती. त्यांना ती कीव घेववली नाही. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, पत्ती काढली आणि तिच्यापुढे धरली.

“ही लाव.”

दिपानं पत्ती उलटी केली. खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. “नंबर कुठं हाय?”

“मीच खरवडला. दीडाची हाय. या तोंडाला हीच लागती. माझ्या हरेक पत्तीचा नंबर मीच खरवडलाय.”

भिवाजी हसायला गेला आणि मधेच थांबला. दिपानं पत्ती तोंडात भिजवली, माउथपीसवर कसली आणि सकाळचीच धून धरली. सूर असा निघाला, जसा बांध फुटल्यावर पाणी निघतं. फुंकावंच लागत नव्हतं. खालचे सूर भरून आले, वरचे सोपे झाले. रस्त्यापलीकडचा ट्रकवाला खाली उतरून ऐकू लागला. भिवाजीचा हात सवयीनं टेबलावर ठेका धरू लागला. मास्तरांनी आयुष्यात स्वतः कधी इतकं चांगलं वाजवलं नव्हतं, आणि ते त्यांना तिथल्या तिथं कळलं.

धून अर्ध्यावर असतानाच ती थांबली. क्लॅरोनेट तिनं मांडीवर ठेवलं.

“चाचा, ही पत्ती सकाळी बी तुमच्या खिशात व्हती?”

मास्तरांनी टेबलाकडे बघत मान हलवली. तेवढ्यानं भागणार नाही, हे त्यांनाही कळत होतं.

“व्हती,” ते म्हणाले.

भिवाजीचा हात टेबलावर तसाच राहिला. दिपानं पत्ती सोडवली, ओढणीनं दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसली आणि चष्म्याच्या घरात घालून ते मिटलं. मग माउथपीसही काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला.

“बाबा, जीप भरली. चला,” ती म्हणाली.

जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला आणि हाक मारली, “मास्तर, येऊन राहिले न्हवं? जागा धरलीय तुमच्यासाठी.”

ती जागा दिपाच्या शेजारची होती. “मागच्या जीपनं येतो,” मास्तर म्हणाले. समोरची जीपच शेवटची होती, हे त्यांना ठाऊक होतं.