उजव्या हातावरचं नाव

नवरदेवाला स्वतःचं नाव सापडत नव्हतं, आणि नवरीच्या मैत्रिणींना त्याचाच आनंद झाला होता. मंगरूळपीरच्या मंगल कार्यालयात लग्न लागून अर्धा तास झाला होता. निम्मी मंडळी जेवायला बसली होती. स्टेजवर वर्षाराणीचे दोन्ही तळवे पुढे धरून पोरी हरीओमला छळत होत्या. नवरीच्या मेंदीत नवऱ्याचं नाव लपवलेलं असतं, ते शोधून काढल्याशिवाय त्याला तिच्या शेजारी बसू द्यायचं नाही, असा हा खेळ. रिठदचा हरीओम तसा बुजरा माणूस. उद्या यावर पेपर असल्यासारखा तो मान खाली घालून एकेक वेल, एकेक कळी निरखत होता.

मेंदी काढणारी नमरा स्टेजच्या पायरीवर उभी राहून मजा बघत होती. ती आणि वर्षाराणी अकरावी-बारावीला एका बाकावर बसायच्या. काल नमरानं इंझोरीला वर्षाराणीच्या घरी जाऊन, सकाळी दहापासून तीनपर्यंत मान मोडून, मैत्रिणीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले होते. आज रंग असा चढला होता की येणारी प्रत्येक बाई आधी नवरीचे हात बघे आणि मग तोंड.

"कोनं काढली वं?"

"नमरानं. डोक्यातून काढते थे सारं. पाहून नाई काढत."

हे कानावर आलं की नमरा दुसरीकडे बघायची. कौतुक चाललं असताना दुसरीकडे बघायचं असतं, एवढं तिला चांगलं येत होतं.

"भेटलं," हरीओम म्हणाला.

त्यानं उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली बोट ठेवलं होतं. नमराच्या कपाळाला आठी पडली. त्याचं नाव तर तिनं डाव्या हातावर लिहिलं होतं.

"वाचा ना मंग जवाईबापू. का स्वताचं नाव वाचता येत नाई?" एक मैत्रीण म्हणाली.

हरीओमनं वाचलं नाही. त्याचं बोट तिथंच राहिलं, पण चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याची चुलत बहीण वैभवी उत्साहानं वाकली आणि तिनं मोठ्यानं वाचून टाकलं.

"शिवम."

दोन पोरी सवयीनं हसल्या आणि मध्येच गप्प झाल्या.

नमरा दोन पायऱ्या चढून पुढं आली. आणि तिनं ते पाहिलं. आडव्या वेलीची झाली होती वरची रेघ. कोयरीचा झाला होता श, त्याच्यावरून उतरणाऱ्या फांदीची वेलांटी, गोल कळीचा व आणि शेवटच्या पानाचा म. काल ओल्या मेंदीत सगळं एकमेकांत मिसळलं होतं. आज रंग चढून रेघन्‌रेघ सुटी झाली होती. पाच तास ती या हातावर वाकून होती. ही चार वळणं तिच्याच मेंदीच्या कोनातून उतरली होती, आणि तिनं ती वाचली नव्हती.

"शिवम कोन?" कस्तुराबाईनं विचारलं.

कस्तुराबाई म्हणजे हरीओमची आई. आवाज चढवणारी बाई नव्हे, आणि आताही तिनं तो चढवला नाही. त्यामुळंच सगळ्यांना ऐकू गेलं.

मागून कुणीतरी, बहुधा काही मनात न ठेवता, म्हणालं, "थो झेरॉक्सवाला शिवम तं नाई? आपल्या बसस्टॉपवरचा?"

असं एखादं वाक्य पुरतं. भरतीचे, परीक्षेचे फॉर्म भरायला वर्षाराणी वर्षभर त्या दुकानात जात होती, हे अख्ख्या इंझोरीला माहीत होतं. मघापर्यंत त्यात माहीत असण्यासारखं काही नव्हतं. आता होतं.  वर्षाराणीनं तळवे मिटले, मग मिटले तर चोरी वाटेल म्हणून पुन्हा उघडले.

"मले नाई मालूम," ती सासूला म्हणाली. "आई, खरंच मले काईच नाई मालूम."

पंगतीत आग्रह करत फिरणारे बबनराव, नवरीचे वडील, बुंदीचं ताट हातात घेऊनच धावत आले. त्यांना कुणी कानात सांगितलं. त्यांनी मुलीच्या हाताकडे पाहिलं आणि ताट कुठं ठेवावं ते त्यांना कळेना.

"ईनबाई, कायतरी चुकलं असन," ते म्हणाले. "मेंदीच ते. फुलंपानं असते."

"मले वाचता येते भाऊ," कस्तुराबाई म्हणाली.

नमरा लगेच बोलली नाही. हे सांगायलाच हवं, कारण नंतर तिला स्वतःला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. तिला सगळं समजलं होतं, आणि तरी ती गप्प उभी होती.

दोन वर्षांपूर्वी तिनं मोबाईलवर चित्रं काढायचं एक फुकटचं ॲप घेतलं होतं. आधी नुसता खेळ म्हणून. त्यात आकडे बघून पोपट रंगवायचे, केक सजवायचे, बाहुलीला लुगडं नेसवायचं. मग तिच्या लक्षात आलं की या ॲपमध्ये खाली एखादा फोटो ठेवून त्यावरून रेघा गिरवता येतात. आणि एक बटन आहे, ते दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. म्हणजे एका हाताचं डिझाईन मिळालं की दुसऱ्या हाताचं आपोआप तयार. डिझाईनचा तर इंटरनेटवर नुसता बाजार भरलेला. पाच हजार ब्रायडल डिझाईन, फ्री डाउनलोड. प्रत्येक डाउनलोडच्या आधी अर्धा मिनिट कुठल्यातरी गेमची जाहिरात बघावी लागे. नमरा ती इमानदारीनं शेवटपर्यंत बघायची, आणि डिझाईनची किंमत फिटली असं समजायची.

तिची आई सुगराबी दर्ग्याच्या रस्त्यावर बांगड्या भरते, आणि तीस वर्षांपासून मेंदीची तीच तीन डिझाईनं काढते. ती मात्र मनची. नमराला त्या तिन्हींची शरम वाटायची. वर्षाराणीला तिनं सांगितलं होतं, "तुले असं डिझाईन काढून देतो, कोनाच्याच हातावर नसन."

कुणाच्या तरी हातावर ते होतं. कुणा शिवमच्या बायकोच्या. वेबसाईटवाल्यानं चोरी ओळखू येऊ नये म्हणून तो फोटो आरशातल्यासारखा उलटा करून टाकला असणार, म्हणून नाव वेलीसारखं दिसलं. नमरानं ते तसंच डाव्या हातावर उतरवलं. मग उजव्या हातासाठी बटन दाबलं, आणि उलट्याचं पुन्हा सुलट झालं. मेंदी काढणारी समोर बसते, नवरीचा हात तिला खालून वर दिसतो, म्हणून तिनं मोबाईलही तसाच उलटा ठेवला होता. वाचणार कशी?

हे सगळं तिला एका क्षणात कळलं. आणि त्याच क्षणात पुढच्या महिन्यात मेंदी ठरलेल्या अकरा नवऱ्या मुली आठवल्या, आणि आपल्या मेंदीच्या पेजवर आपणच लिहिलेली ओळ आठवली.

वर्षाराणीनं तिच्याकडे पाहिलं.

"नमरा, तू काहून लिवलं वं थे नाव?"

नमराला हा धक्का सगळ्यात मोठा बसला. बरोबरच होतं तिचं. डिझाईन नमराच्या डोक्यातलं, मग नावही नमराच्या डोक्यातलं. दोन वर्षं एका बाकावर बसलेल्या मुलीनं आपल्याला लग्नाच्या दिवशी गोत्यात आणलं, एवढंच तिला दिसत होतं.

"म्या नाई लिवलं," नमरा म्हणाली. "म्हंजे काढलं म्याच. पन थे डिझाईन माह्यं नाई. फुकटचं डाउनलोड केलं व्हतं. दुसऱ्या कोन्या नवरीचं हाय. काकू, वर्षाचा काईच संबंध नाई याच्यात."

कस्तुराबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पण उत्तर वैभवीकडून आलं. तिनं मोबाईल काढला होता.

"हे पाय मोठीआई. हिचं पेज. 'शंभर टक्के स्वतःचं डिझाईन. कृपया कॉपी करू नये.' अन हे आज सकाळी टाकलं. वर्षावयनीचेच हात. 'माझ्या मैत्रिणीसाठी खास माझ्या कल्पनेतून.'"

"सकाळी तुह्यं व्हतं," कस्तुराबाई म्हणाली, "अन आता दुसऱ्याचं झालं? मैतरनीले वाचवून राह्यली काय तू?"

नमराला वाटलं, आपण इथंच खाली बसावं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं या बाबतीत खरं सांगितलं होतं, आणि ते खोटं ठरत होतं. तेही तिच्याच लिहिण्यावरून.

तिनं पर्समधून मोबाईल काढला. दोनदा पासवर्ड चुकला. ॲप उघडलं, तर आधी जाहिरात. एक ट्रॅक्टर उड्या मारत नाणी गोळा करत होता. नवरानवरी, सासू, वडील, हातातलं बुंदीचं ताट, सगळे त्या ट्रॅक्टरकडे बघत उभे. अर्धा मिनिट. नमराला तो ट्रॅक्टर जन्मभर विसरता येणार नाही.

मग तिनं वरच्या स्वतःच्या रेघा पुसल्या आणि खालचा फोटो दाखवला. अनोळखी हात, अनोळखी बांगड्या, आणि तेच डिझाईन.

कस्तुराबाईनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "याच्यात तं शिवम नाई."

"नाई दिसत. थांबा काकू."

नमरानं ते बटन दाबलं.

फोटो गर्रकन फिरला. डाव्याचा उजवा झाला. आणि अंगठ्याच्या खाली, वेलीच्या जागी, कुणीही वाचावं असं नाव उभं राहिलं.

बबनरावांनी शेवटी ताट खुर्चीवर ठेवलं. हरीओम एकदा मोबाईलकडे, एकदा बायकोच्या हाताकडे बघत होता.

कस्तुराबाईचं समाधान मात्र झालं नव्हतं. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, खाली सरकवला. मनगटाशी बारीक नक्षीची एक ओळ होती. ती तिनं बराच वेळ पाहिली. मग वर्षाराणीचा उजवा हात घेतला आणि हिरवा चुडा कोपराकडे सरकवला. तिथंही तीच ओळ होती. नमरानं काल ती काठाची नक्षी समजून, कंटाळलेल्या हातानं, शेवटी उतरवली होती.

"वैभवे, वाच."

वैभवीनं अक्षरं लावत लावत वाचलं. "मेंदी... उज्ज्वला."

नमरानं वाकून पाहिलं. खरंच होतं. कुठल्या गावची कोण ती उज्ज्वला, तिनं आपलं काम संपवून, आपल्यासारखीच मान मोडून, खाली सही केली होती. आणि नमरानं ती सहीसुद्धा गिरवली होती. मघाशी शिवम वाचून तिला भीती वाटली होती. आता जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. तिचे कान तापले आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायलाही लाज वाटली.

"उज्ज्वला नावाची आमच्यात कोनी नाई," बबनराव हळूच म्हणाले.

"आमच्यातबी नाई," कस्तुराबाई म्हणाली. तिनं चुडा सुनेच्या मनगटावर नीट खाली ओढला आणि तिच्या हातावर हात ठेवला. "पोरीचा काई दोस नाई. तुमी पंगत पाहा भाऊ, लोकं ताटावर बसले हायेत."

बबनराव निघाले, दोन पावलं जाऊन ताट घ्यायला परत आले. वर्षाराणी आता रडत होती, पण मोकळी होऊन. तिनं एकदाही नमराकडे पाहिलं नाही.

नमरा पायरी उतरायला वळली.

"थांब," कस्तुराबाई म्हणाली. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. "नाव शिवमचं. सही उज्ज्वलाची. मंग याच्यात तुह्यं काय हाय?"

नमरा थांबली. मग ती पुन्हा वर आली आणि तिनं वर्षाराणीच्या डाव्या हाताची करंगळी अलगद बाजूला केली. करंगळीच्या मुळाशी चार अक्षरं होती. बाकीच्या मेंदीच्या मानानं जाड, थोडी वाकडी. ती तिनं कुठूनच उतरवली नव्हती.

"एवढंच," ती म्हणाली.

हरीओम वाकला. त्यानं स्वतःचं नाव वाचलं, सरळ झाला आणि बायकोच्या शेजारी जाऊन बसला. पोरींनी त्याला अडवलं नाही.