मुठीवरचे महिने

शिलाईवालीनं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट ओढून काढलं. खिळ्याबरोबर बशीएवढा गिलावाही आला आणि टेबलावर उघड्या पडलेल्या भूगोलावर आदळला. चारही मुलांनी आपापल्या वह्या छातीशी धरल्या.

"भिंतीवर बघून उत्तर लिहितोस? भिंत येणार आहे का परीक्षेला?"

हे आठ वर्षांच्या वकिलाला होतं. वकील हे त्याचं घरातलं नाव. पाळण्यात असल्यापासून तो रडण्याआधी कारण द्यायचा, असं त्याचा बाप सांगे.

"परीक्षा घरातच आहे ना, आई," वकील म्हणाला. "मग भिंत असणारच."

"आजपासून महिन्याचे दिवस मुठीवर मोजायचे. मूठ कुठं विसरत नाही माणूस." तिनं कॅलेंडरची गुंडाळी केली आणि कपाटावर भिरकावली. "थोरले, ह्यांना मुठीवरचं शिकव. मला पडदे आहेत."

तिच्या रागाची कीर्ती चार गल्ल्यांत होती. ती वर चिडली की खालच्या दुकानातली झाडून सगळी घड्याळं दोन मिनिटं पुढं पळतात, असं खालचा घड्याळजी शपथेवर सांगे. तो काही खोटं बोलणारा माणूस नव्हता. निदान दुपारच्या जेवणापर्यंत तरी नाही.

तीन वर्षांपूर्वी शाळेत मास्तरांनी तिच्या दुसऱ्या मुलीला भर वर्गात गोगलगाय म्हटलं होतं, आणि चाळीस मुलांकडून म्हणवून घेतलं होतं. पुढं काय झालं याच्या तीन-चार हकिकती आहेत. एकीत तिनं मास्तरांची खुर्ची खिडकीतून फेकली, दुसरीत मास्तरांसकट. खरं एवढंच, की तिनं त्या दुसऱ्या मुलीचं दप्तर उचललं, जाता जाता वरच्या वर्गातून थोरलीलाही उठवलं आणि दोघींना हाताला धरून घरी आणलं. थोरलीला कुणी काही म्हटलं नव्हतं. तिला कुणी काही विचारलंही नाही.

तेव्हापासून शाळा या टेबलावर भरत होती. पद्धत शिलाईवालीनं स्वतः बसवली होती आणि तिचा तिला केवढा तरी गर्व होता. ती शिकवायची फक्त थोरलीला, पहाटे तासभर. मग ती मशीनवर बसे. थोरलीनं ते दुसरीला शिकवायचं, दुसरीनं वकिलाला, वकिलानं पाच वर्षांच्या शेंडेफळाला. वरच्या टाकीत पाणी सोडलं की खालच्या नळाला आपोआप येतं, हे तिचं तत्त्वज्ञान. टाकी आता चौदा वर्षांची झाली होती. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्याही थोरलीच लिहायची, कुणाचं काम कधी द्यायचं ते. कारण शिलाईवालीचं अक्षर तिचं तिलाच लागत नसे.

"आई, माझं बीजगणित राहिलंय," थोरली म्हणाली.

"ह्यांचं झालं की कर."

"ह्यांचं कधी होतच नाही."

"मग लवकर शिकव!" मशीन धडधडायला लागलं.

राग नुसता आईकडेच होता असं नाही. थोरलीचा राग आवाज करत नसे, एवढाच फरक. तिनं दुसरीसमोर हात धरला आणि मूठ मिटली. बोटांची हाडं उंच आली, पांढरी पडली.

"उंचवट्यावर आला तो महिना एकतीस दिवसांचा. मधल्या खळग्यात पडला तो तीसचा. फेब्रुवारीचे अठ्ठावीस धर. जानेवारी उंच, फेब्रुवारी खळगा, मार्च उंच..."

दुसरी तिच्या मुठीकडे बघत होती. दुसरीचं बघणं म्हणजे एखाद्यानं विहिरीत वाकून बघावं तसं असायचं; लवकर सरळ होत नसे. करंगळीच्या उंचवट्यावर जुलै आला, तेव्हा थोरलीचं बोट थांबलं. तिनं मशीनकडे पाहिलं. आईची पाठ होती. कपाटाच्या कडेवर तपासणी खात्याचं पत्र वजनाखाली ठेवलेलं होतं: तीस ऑगस्ट, सकाळी दहा. गेल्या वर्षीचा शेरा 'सुधारणा आवश्यक' असा होता. या वर्षीही तसाच आला तर चौघांना शाळेत घालावं लागणार होतं. आणि तपासनीस बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला होता: आज तारीख काय, उद्या काय.

"आता इथून मागं फिरायचं," थोरली म्हणाली. "ऑगस्ट खळग्यात. तीस."

दोन दिवसांनी दुसरी मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"आई, एक दिवस कमी पडतोय."

"एकच? मला रोजचे चार पडतात. हो बाजूला, सुई लागेल."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "आई, तो एक दिवस..."

"दिवस दिवस काय लावलंयस! वकिलाला घे आणि बस!"

तिसऱ्यांदा ती आली नाही. तिनं वकिलाला घेतलं आणि बसली.

तपासनीस बाई तीस तारखेला दहाच्या ठोक्याला आल्या. जिन्यानं त्यांना दम लागला होता. चष्मा दोरीनं गळ्यात लोंबत होता. शिलाईवालीनं त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास असा ठेवला, की निम्मं पाणी टेबलानंच पिऊन टाकलं.

"राग आहे वाटतं," बाई म्हणाल्या.

"तुमच्यावर नाही. तुम्ही येता त्याच्यावर."

"असं होय." बाईंनी रुमालानं टेबल पुसलं, चष्मा चढवला आणि फाईल उघडली. "धाकट्यापासून सुरू करू. काय रे, आज तारीख काय?"

"तीस ऑगस्ट," शेंडेफळ ओरडलं.

"आणि उद्या?"

थोरली खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. शेंडेफळानं मूठ मिटली. जीभ बाहेर काढून एकेक महिना बोटानं दाबत तो करंगळीवर पोचला. मग त्यानं बोट उचललं आणि पुन्हा पहिल्या उंचवट्यावर ठेवलं.

"एकतीस ऑगस्ट!"

थोरलीची मान झटक्यात वळली.

"त्याला मी शिकवलंय," वकील म्हणाला. "बरोबर असेल तर श्रेय माझं. चुकलं असेल तर त्याचं त्यानं बघावं."

"बरोबर आहे." बाई हसल्या आणि दुसऱ्या मुलीकडे वळल्या. "ऑगस्टचे दिवस किती ग?"

दुसरी बोलली नाही. एक क्षण गेला, दुसरा गेला. शिलाईवालीच्या हातात कात्री होती; ती उघडली, मिटली. वर्गातले ते चाळीस आवाज तिला आत्ता ऐकू येत असावेत, कारण तिच्या मानेपर्यंत लाली चढली होती.

"घाई नाही," बाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला. "मलाही नाही."

"एकतीस," दुसरी म्हणाली. "मी आधी तीस धरत होते. मग सगळे महिने खाली खाली मांडून बेरीज केली, तर वर्ष तीनशे चौसष्टचं झालं. एक दिवस हरवला होता. शोधायला चार दिवस लागले."

"कुठं सापडला?"

"करंगळीवर. तिथून मागं फिरायचं नसतं. परत पहिल्यापासून मोजायचं."

"आणि मागं फिरायचं असं कुणी सांगितलं होतं?"

दुसरीनं टेबलावरचा एक चरा नखानं कोरला.

"मीच चुकीचं मोजलं असेल," ती म्हणाली.

कात्री थांबली. एक दिवस कमी पडतोय, हे शिलाईवालीला आठवलं. दोनदा आठवलं.

"छान." बाईंनी लिहून घेतलं. "आता तू, थोरली. तुलाही तेच विचारते, मग बीजगणित. उद्या तारीख काय?"

थोरलीनं बहिणीकडे बघितलं. दुसरी वर बघत नव्हती. मग तिनं आईकडे बघितलं, सरळ, पापणीही न हलवता.

"एक सप्टेंबर."

"ताई!" वकील किंचाळला.

"तू गप," बाई त्याला म्हणाल्या आणि थोरलीकडे वळल्या. "नीट विचार कर, बाळा."

"एक सप्टेंबर."

बाईंनी तिच्यापुढं गणितांचा कागद सरकवला. थोरलीनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. एका गणितापाशी तिचे ओठ हलले, उत्तर आलेल्या माणसाचे हलतात तसे. मग तिनं पेनला टोपण लावलं आणि कोरा कागद परत केला.

शिलाईवालीला आता सगळं कळलं होतं: कुणी वरून काय सोडलं, आणि ते मध्येच कुणी अडवलं. तिघांना मागं ओढत खड्ड्यात नेणार होती ही कार्टी. ती दुसरी, जिच्यासाठी हे सगळं मांडलं, तिलाही पुन्हा त्या मास्तरापुढं उभी करणार होती. शिलाईवालीच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"तिघांचं समाधानकारक लिहिते," बाई म्हणाल्या. "हिचं मात्र मला लिहिता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला उद्याची तारीख येऊ नये? सोमवारपासून हिला शाळेत पाठवावं लागेल. तुमचं काही म्हणणं असेल तर आत्ता सांगा. त्याला इथं जागा आहे."

शिलाईवालीनं तोंड उघडलं.

मशीनच्या डोक्यावर टाचणीनं एक चिठ्ठी खोचलेली होती. टपोरं, गोल अक्षर, शाई कालची: 'दवाखान्याचे पडदे. द्यायचे शनिवारी, ३१ ऑगस्ट, सकाळी.' ती नुसती बाईंपुढं धरली असती तरी पुरे होतं. पोरगी खोटं बोलतेय हे सिद्ध झालं असतं. सोमवारी टाकी जागच्या जागी राहिली असती, आणि खालचे तिन्ही नळ चालू.

थोरलीची नजर आईच्या नजरेमागून चिठ्ठीवर गेली. ती चिठ्ठी तिला आत्ताच आठवली असावी. सकाळपासून पहिल्यांदा तिची हनुवटी थरथरली. गयावया करायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

शिलाईवाली उठली, मशीनपाशी गेली, टाचणी काढली. चिठ्ठी तिच्या तळहातात आली.

"काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"काही नाही." तिनं मूठ मिटली. "म्हणणं काही नाही."

बाईंनी तिच्या मुठीकडे पाहिलं, मग फाईल बंद केली. दारापर्यंत त्यांना वकील सोडायला गेला आणि जिन्यावरून खालपर्यंत काहीतरी पटवून देत राहिला.

टेबलापाशी दोघी बहिणी उरल्या आणि शेंडेफळ, जे अजून मुठीवर डिसेंबर शोधत होतं.

"तुला कळलं होतं?" थोरलीनं हलक्या आवाजात विचारलं.

"बेरीज केली."

"मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

"मला शाळेत जायचं नाहीये," दुसरी म्हणाली. मग तिनं पुढं जोडलं, "तुला जायचंय, हे तू आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

"कुणाला सांगणार होते?"

यावर दोघींनी मशीनकडे पाहिलं. तिकडे पाठच होती.

"सोमवारी सातला घंटा होते तिथं," पाठ म्हणाली. आवाज असा, की खाली घड्याळजीनं एखाद्या काट्यावर हात ठेवला असेल. "मी उठवणार नाही. डबा करून देणार नाही. आणि परत आल्यावर बहिणीचा अभ्यास घ्यायचा. चुकीचा शिकवलास तर याद राख."

"हो."

"हो काय हो! तोंड वर करून हो म्हणते." तिनं पडद्याचं कापड झटकलं. बराच वेळ नुसतं झटकत राहिली. मग मागं न वळता तिनं विचारलं, "हे दवाखान्याचे पडदे कधी द्यायचेत ग?"

थोरली उभी राहिली.

"एकतीसला," ती म्हणाली. "उद्या."

शिलाईवालीनं मान हलवली. मूठ तिनं उघडली नाही. दुसऱ्या हातानंच कापड सुईखाली सरकवलं आणि मशीनचं पायडल दाबलं.