माझी थोपटण्याची पद्धत

मुलं झोपवण्यात माझा हात धरणारा आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणी नव्हता. मी मूळचा नारायण पेठेतला, त्यामुळे स्वतःच्या कौशल्याबद्दल मला सहसा शंका येत नाही. जेवणं झाली की दिवा मालवायचा, सहा वर्षांची ओवी एका बाजूला, चार वर्षांचा अन्वय दुसऱ्या बाजूला, आणि पंजा किंचित वाकवून पाठीवर थोपटायचं. बघता बघता दोघं गार. समोरच्या श्रीनिवासचा मुलगा रात्री सोफ्यावरून उड्या मारत बसायचा. त्याला मी जिन्यात गाठून थोपटण्यावर व्याख्यान दिलं होतं, त्याने न विचारता.

माझी बायको नम्रता त्या वेळी हॉलमध्ये असायची. तिचा क्लायंट अमेरिकेत. त्याची सकाळ उजाडली की इकडे हिचा कॉल सुरू. हेडफोन लावून ती बाल्कनीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत इंग्रजीत बोलत राहायची, संथ, एका पट्टीत. कॉल संपला की खोलीत येऊन झोपलेल्या मुलांकडे बघत उभी राहायची. "आजही माझ्याशिवाय झोपली," म्हणायची. हे काही माझं कौतुक नव्हतं, पण मी ते कौतुक म्हणूनच घ्यायचो.

शेवटी तिने टीम बदलून घेतली. नव्या टीममध्ये रात्रीचे कॉल नाहीत आणि ठरलेली बढतीही नाही. "दत्ता, मला माझ्या मुलांना झोपवायचंय. बस," ती म्हणाली.

पहिल्या रात्री तिने सिंहाची गोष्ट सांगितली. अन्वयने इतके प्रश्न विचारले की शेवटी सिंहच थकला. मग तिने गाणं म्हणून पाहिलं, तर ओवी पलंगावर उभी राहून नाचायला लागली. तेव्हा कुठे तज्ज्ञ म्हणून मला बोलावणं आलं. मी पंजा वाकवला आणि थोपटलं, भरपूर थोपटलं.

"बाबा, लागतंय," अन्वय म्हणाला.

दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका रात्री ओवी वैतागून म्हणाली, "आई, तू बाहेर जा ना. तू इथे असलीस की झोपच येत नाही."

नम्रताने पांघरूण बाजूला सारलं. उठली आणि हॉलमध्ये जाऊन बसली. बढती सोडताना जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती आता ओढणीने डोळे पुसत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. समजूत काढायला शब्द शोधत होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. जुन्या टीममधला सुदर्शन; तिचं काम त्याच्याकडे आलं होतं आणि तो क्लायंटसमोर अडकला होता.

"मॅडम, पाचच मिनिटं जॉइन व्हा ना, प्लीज."

तिने नाक पुसलं, हेडफोन लावला आणि बोलायला लागली. बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी.

मी मुलांना दटावायला खोलीत गेलो. अन्वय हॉलच्या भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आई बोलतेय," तो म्हणाला.

"हं," ओवी म्हणाली आणि तिने जांभई दिली.

मी पलंगाच्या कडेला हात बांधून बसलो. हात बांधून, हे मुद्दाम सांगतो. थोड्याच वेळात दोघं गार.

क्षणभर वाटलं, गप्पच बसावं. श्रीनिवासला तोंड कसं दाखवायचं? पण बाहेर ती रडून जड झालेल्या आवाजात बोलत होती, ते मला ऐकवेना. कॉल संपल्यावर मी तिला खोलीच्या दारात आणून उभं केलं.

"झोपली? तू थोपटलंस?"

"बोटसुद्धा लावलं नाही. भिंतीपलीकडून तुझा आवाज येत होता, म्हणून झोपली. रोज तशीच झोपायची. मी आपला उगाच तबला बडवत होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे इतके दिवस..."

"तूच झोपवत होतीस."

ती एकदम हसायलाही लागली आणि रडायलाही. मला इतकं बरं वाटलं की हरल्याचं काही वाटलं नाही. मग ती अलगद दोघांच्या मध्ये आडवी झाली. अन्वयने झोपेतच तिच्या पोटावर पाय टाकला. पलंगावर जागा उरली नव्हती, म्हणून मी उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेलो.