मला झोळ हवा होता

मी एक जुनी तांब्याची तार आहे, मित्रांनो, आणि आधीच बजावून ठेवते: कपडे वाळत घालायची नव्हे! शेजारच्या वहिनींनी एकदा माझ्यावर ओली चादर टाकली, तेव्हापासून हे सांगावेच लागते. मी हौशी रेडिओची एरियल आहे. दूरचे बोलणे हवेतून पकडून घरातल्या यंत्रापर्यंत पोचवते आणि घरातले बोलणे दूरवर धाडते.

कारखान्यात जन्मले आणि आले ती जंगलाच्या कडेला राहणाऱ्या एका शिंप्याच्या घरी. त्याची मुलगी जंगलापलीकडच्या चौकीवर वनरक्षक. तिथे फोन लागत नाही. संध्याकाळी रेडिओवर तिचा आवाज ऐकला, की मगच शिंप्याच्या घशाखाली घास उतरायचा.

मला टांगण्यासाठी त्याने दोरीला दगड बांधून फांदीवर फेकला. पहिला कौलांवर पडला, दुसरा स्वतःच्याच पायावर. शेवटी दोन झाडांमध्ये मी चढले एकदाची. पण शिंपीच तो! झोळ दिसला की त्याचा जीव कासावीस. येता-जाता मला ताणायचा. मुलगी सांगून थकली, "बाबा, तारेला झोळ राहू द्या. झाडं हलतात हो!"

"माझ्या हातून झोळ? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

कोणते गिऱ्हाईक, मित्रांनो? चिमण्या?

एका संध्याकाळी वादळ सुटले. मुलगी म्हणत होती, "बाबा, चौकीवर झाड पडलंय, मी..." तेवढ्यात माझी दोन झाडे दोन दिशांना झुकली आणि मी तुटले.

खिडकीतून शिंप्याचा पांढराफटक चेहरा दिसला. "बोल ना गं, बोल!" तो मुक्या यंत्राची विनवणी करत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मशीनचा दोरा कधी एवढा ताणता का हो?" त्याची बायको कडाडली. "उठा आधी!"

तो भर पावसात धावला. माझे तुकडे जोडले. एका टोकाची दोरी फांदीवरून खाली सोडून तिला आपली जुनी लोखंडी इस्त्री टांगली. झाड ओढू लागले की इस्त्री वर जायची, सैल पडले की खाली यायची. मला पहिल्यांदाच श्वास घेता आला.

"...सुखरूप आहे, बाबा! केव्हाची ओरडतेय. तार ताणली होती ना?"

"झोळ ठेवलाय गं आता," शिंपी म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मित्रांनो, ज्या तारेवरून आपल्या माणसाचा आवाज येतो, ती फार ताणू नका. आणि वहिनी, ती इस्त्री आहे म्हणून खाली कपडे आणून ठेवू नका!