आधाराची दांडी

एव्हर्ट नायेनहाउसने विमा कंपनीत एकतीस वर्षं घरगुती अपघातांच्या फायली तपासल्या. कोण शिडीवरून पडलं, कोण न्हाणीघरात घसरलं, सगळ्यांची अक्कल त्याने सुबक अक्षरात काढली. असा माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ड्रिल घेऊन शौचालयात शिरतो, तेव्हा त्याला अडवायला घरात कुणीतरी लागतं. आणि अडवणारी त्याची बायको हार्मा खुब्याचं हाड मोडून पाच आठवडे पुनर्वसन केंद्रात पडली होती.

केंद्राची अट साधी होती. जिन्याला दुसरा कठडा आणि शौचालयात आधाराची दांडी बसली की बाई शुक्रवारी घरी. हार्मा मात्र फोनवर म्हणाली, "राहते की अजून दोन आठवडे. इथे बरं चाललंय माझं."

एव्हर्टला ते लागलं. आपल्याशिवाय तिचं बरं चाललंय? त्याचं तर अजिबात चाललं नव्हतं. रिकाम्या खुर्चीसमोर बसून जेवायचा त्याला वीट आला होता.

कठड्यासाठी त्याने नाक मुठीत धरून ज्येष्ठ मदत मंडळाला फोन केला. दांडीसाठी मात्र नाही. चार स्क्रूंचं काम, त्याला कसली मदत? अडचण एकच होती. दांडीच्या नेमक्या जागी, तिकडे घरोघरी असतं तसं, रोज नजरेस पडावं म्हणून नातेवाइकांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. शौचालयातलं हे कॅलेंडर हलवायचं म्हणजे एखाद्या आत्याचा वाढदिवस हुकणार आणि पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागणार. म्हणून एव्हर्टने दांडी कॅलेंडरच्या वर बसवली, जवळजवळ खांद्याच्या उंचीला. तिथली भिंत ठोकल्यावर पोकळ वाजली, पण त्याने ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाकडून हत्यारांची पेटी घेऊन एक बाई आली. नाव द्यूके, वय बहात्तर, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेली. एव्हर्ट तिच्या मागे कुणी पुरुष येतोय का म्हणून रस्त्याकडे बघत राहिला.

"मीच आहे," द्यूके म्हणाली. "दार लावा, गार वारा येतोय."

कॉफीच्या वेळेपर्यंत कठडा पक्का झाला. एव्हर्टने तिला कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं आणि एका कपाला एकच बिस्किट या तिकडच्या रीतीप्रमाणे डबा बंद केला. कॉफी पिऊन द्यूके शौचालयात गेली, आणि आतून आवाज आला, "नायेनहाउस, ही दांडी कुणी बसवली?"

"एक माणूस आला होता दारावर," एव्हर्टच्या तोंडून निघून गेलं.

द्यूके लालबुंद होऊन बाहेर आली. "हे भामटे! एकट्या म्हाताऱ्यांना बरोबर गाठतात. या इकडे. बसा. आता तुमची बायको उठेल तसे उठा."

एव्हर्ट कमोडच्या झाकणावर बसला. हात उंच करून त्याने दांडी धरली आणि अंगाचा भार टाकला. दांडी पोपड्यांसकट हातात आली आणि तो धप्पकन मागे आदळला. अंगावर पांढरी पूड सांडली. क्षणभर त्याला त्या जागी हार्मा दिसली. आपण तिला मारलं असतं.

द्यूकेने खिशातून कागद काढला. "सांगा. सगळ्या घरांना सावध करते. दिसायला कसा होता?"

"म्हातारा. चष्मेवाला."

"फार शहाणपणा करत होता?"

"फारच."

"नाव?"

"एव्हर्ट नायेनहाउस," तो खाली बघत म्हणाला. "मीच तो."

"कळलंच होतं," द्यूके म्हणाली. "तुमचं ड्रिल फ्लशच्या टाकीवर पडलंय."

मग तिने कॅलेंडर काढून दाराच्या आतल्या बाजूला लावलं. बसल्या बसल्या समोर दिसणारी ही जागा चाळीस वर्षांत घरात कुणालाच सुचली नव्हती. दांडी तिने खाली, विटांच्या भिंतीत बसवली आणि एव्हर्टला तीनदा ओढायला लावली. ती जागची हलली नाही.

संध्याकाळी त्याने हार्माला फोन केला. "दांडी बसली बरं का."

पलीकडून जपून विचारलेला प्रश्न आला, "कुणी बसवली?"

सकाळी खोटं बोलून जीभ सैल झालेलीच होती. पण आता ती वळेना. "आधी मी. ती उखडली. मग एका बाईंनी बसवली."

"म्हणजे आत्ता आहे ती तुझी नाही? नक्की?"

"नक्की. माझा एक स्क्रूही नाही तिच्यात."

हार्माने इतका लांब श्वास सोडला की तो फोनमधून ऐकू आला. "मग शुक्रवारी ये न्यायला," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून घरी यायचंय रे. तू ड्रिल काढशील, याचीच धास्ती होती."